साठ चिऱ्यांची चढण

काळाकुट्ट धूर निघाला आणि गाडी चढणीच्या मधोमध थांबली.

मी वरच्या वळणावर न्याहारीचं गाठोडं घेऊन उभी होते. लग्न होऊन जेमतेम दोन महिने झालेले. खाली चिऱ्याची खाण होती. जांभा दगड कापून काढता काढता जमिनीत दोन पुरुष खोल चौकोनी खड्डा झालेला, त्यात चिरे कापणारी मशिनं घरघरत होती आणि सगळ्या खड्ड्यावर तांबडी धूळ धुक्यासारखी तरंगत होती. तिथून वर डांबरी रस्त्यापर्यंत एकच कच्ची वाट. तिला सगळे नुसतं 'चढण' म्हणत. पाच पिकअप दिवसभर त्या चढणीवरून चिरे वाहत. बाकीच्या चार गाड्या साठ-साठ चिरे घेऊन वर यायच्या. आमची चाळीसातच धापा टाकायची आणि आज तर चाळीसलाही थांबली होती.

एका कामगाराने धावत येऊन मागच्या चाकाखाली दगड लावला. मग दोघांनी मागचा फाळका उघडून वीस चिरे वाटेच्या कडेला उतरवले. मागे शाबान काझीची गाडी साठ चिरे घेऊन खोळंबली होती. त्याने हॉर्न वाजवला असता तर बरं वाटलं असतं. त्याने तो वाजवला नाही, खिडकीतून हात बाहेर टाकून शांतपणे वाट बघत राहिला.

गाडी चालवत होता माझा नवरा. नवऱ्याचं नाव घेऊ नये असं माझी आई सांगायची, पण गोष्ट सांगताना 'हे' 'हे' करत बसले तर तुमचाच घोळ होईल, म्हणून दत्तारामच म्हणते. वीस चिरे उतरल्यावर दत्तारामने गाडी वर आणली, माझ्याजवळ थांबवली, न्याहारी घेतली आणि नजर न उचलता म्हणाला, "तू घरी जा. ऊन झालं."

मी निघाले, पण माझ्या कानात ते इंजिन तसंच चालू होतं. ते म्हातारं झालेलं नव्हतं. ते घुसमटत होतं. हे मला इतकं स्वच्छ कळत होतं की हाताचे तळवे खाजायला लागले होते.

कारण सांगते. हातखंब्याला हायवेच्या कडेला माझ्या बाबांचं गॅरेज होतं. डिझेल गाड्यांचं काम. मी दहा वर्षांची असल्यापासून तिथे पाने हातात द्यायला जायचे आणि विसाव्या वर्षी बाबा जेवायला घरी गेले की ट्रकचे टॅपेट मी एकटी बसवायचे. ड्रायव्हर लोकांना आधी हसू यायचं, मग यायचं नाही. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय, पिस्टनच्या रिंगा गेल्या. काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण हवा पुरत नाही. हे मला बाराखडीसारखं पाठ होतं. पण बाविसाव्या वर्षी एक जमलेलं लग्न माझ्या नखांतल्या काळ्यावरून मोडलं. त्यानंतर आईने माझं गॅरेजात जाणं बंद केलं आणि आग्र्यांच्या दत्तारामचं स्थळ आलं तेव्हा बाबांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाय, आता हे विसर. तिथे पान्याचं नाव काढू नको." बाबांनी तसं म्हणावं हे मला फार लागलं होतं. पण मी विसरले होते. निदान बोलत नव्हते.

सासरी चार माणसं. आम्ही दोघं, सासूबाई आणि माझे सासरे भिकाजी आग्रे, ज्यांना सगळी वाडी आबा म्हणायची. आबा स्वतः वीस वर्षं ट्रकवर ड्रायव्हर होते. पिकअप त्यांनीच घेतली होती, मुलगा गावातच राहावा म्हणून. आणि आता तेच ती विकायला निघाले होते. लांज्याच्या मेस्त्रीने सांगितलं होतं की रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल. आबांचं म्हणणं, एकदा खोललेलं इंजिन म्हणजे खोलत राहायचं इंजिन. देवरूखचं एक गिऱ्हाईक बुधवारी गाडी बघायला येणार होतं. गाडी गेली की दत्ताराम मुंबईला. त्याच्या मामांनी भिवंडीत एका गोदामावर ड्रायव्हरची जागा बघून ठेवली होती. मी इथेच राहायचं. आमच्या वाडीत निम्म्या घरांत तसंच होतं. बायका इकडे, पुरुष शिमग्याला आणि गणपतीला येणार. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटत होतं. दोन महिन्यांत तो माणूस मला आवडायला लागला होता.

तसा तो कमी बोलायचा. थोडा आळशीच आहे असंही मला वाटायचं. इंजिन खोलायला गाडी सोडून जा, असं मेस्त्रीने त्याला तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा त्याने काही ना काही निमित्त काढून ते टाळलं होतं.

रविवारी सकाळी मी अंगण सारवून हात धूत होते. दत्तारामने गाडीचं बॉनेट उघडलं, पुढच्या चाकाच्या वरच्या कोपऱ्यातली एअर फिल्टरची डबी खोलली, आतला कागदी फिल्टर बाहेर काढला आणि टायरवर आपटायला लागला. थप, थप, थप. प्रत्येक फटक्याला मूठभर तांबडी धूळ उडत होती. तो रोज हेच करायचा. सगळेच ड्रायव्हर करायचे. दोन महिने मी दुसरीकडे बघत होते. त्या दिवशी मला ते बघवलं नाही.

"असा आपटायचा नाय तो," मी म्हटलं. "कागद फाटतो. मग बारीक धूळ सरळ इंजिनात जाते."

तो थांबला. फिल्टर हातात तसाच. माझ्याकडे वळून त्याने एवढंच विचारलं, "मग काय करायचं?"

त्याने 'तुला काय कळतं' असं विचारलं असतं तर मी गप्प बसले असते आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्याने 'काय करायचं' विचारलं. मी ओल्या हातांनीच गाडीशी गेले. त्याला म्हटलं, इंजिन चालू करा. मग ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढलं आणि त्यावर तळहात धरला. रिंगा गेलेल्या असत्या तर तिथून वारा फुसफुसत आला असता, धूर आला असता, तळहात ढकलला गेला असता. काही नाही. मांजराच्या श्वासाएवढी ऊब लागली, बस. 

"इंजिन ठणठणीत हाय," मी म्हटलं.

त्याचा विश्वास बसावा म्हणून मी आणखी एक गोष्ट केली. अंगणात पाणी शिंपडून धूळ बसवली, आधी फिल्टर लावून रेस करायला सांगितली, मग फिल्टर बाहेर काढला आणि म्हटलं की आता गाडी जागच्या जागी जोरात रेस करा. फिल्टर लावून केली तेव्हा मागून काळा लोट आला होता. आता फिल्टरशिवाय केली तर काय, नुसता पातळ राखाडी धूर आणि तोही लगेच विरला. आवाजसुद्धा मोकळा झाला. खिडकीतून डोकं बाहेर काढून तो मागे बघत राहिला. मग त्याने गाडी बंद केली, खाली उतरला आणि त्याच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की मला लाजायलाच झालं.

पण नवा फिल्टर घालून भागणार नव्हतं. मेस्त्रीने महिन्यापूर्वी नवा घातलाच होता, तो आठ दिवसांत भरला आणि फिल्टर नवा असून गाडी ओढत नाही म्हटल्यावर त्याने खापर इंजिनावर फोडलं. खरी अडचण ती डबीच होती. एवढीशी, आणि तोंड कुठे तर चाकाच्या वर, जिथे सगळ्यात जास्त धूळ उडते तिथेच. खाणीतल्या गाडीला ती पुरणार कशी? मी दत्तारामला काडीने जमिनीवर चित्र काढून दाखवलं. ट्रॅक्टरला किंवा रस्त्यावरच्या कॉम्प्रेसरला असतो तसा मोठा फिल्टर केबिनच्या मागे उभा करायचा. त्याचं तोंड पाईप लावून टपाच्याही वर न्यायचं, कारण धूळ खाली लोळते, वर कमी असते. आणि त्या तोंडावर एक पारदर्शक वाटी बसवायची, जिच्यात हवा गरगर फिरते आणि जड धूळ फिल्टरपर्यंत पोचण्याआधीच वाटीत पडते. मी भराभर बोलत होते. इतकी वर्षं साठलेलं सगळं एकदम बाहेर येत होतं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की सासूबाई पडवीत सूप घेऊन उभ्या आहेत आणि सूप हलत नाही.

त्यांनी मला विचारलं की हे सगळं तू कुठे शिकलीस. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "ह्यांना नको सांगू आत्ता." मग तांदूळ पाखडायला लागल्या. म्हणजे आबांना सांगू नको, पण कर.

सोमवारी मी तिठ्यावरच्या एसटीडी बूथवरून बाबांना फोन केला.  मी त्यांना सगळं एका दमात सांगितलं आणि मग म्हटलं की बाबा, तुम्ही सांगितलं होतं ते मी मोडलं.  बूथवाल्याच्या मशिनचे आकडे पळत होते. मला वाटलं फोन कट झाला.

"बाय," बाबा म्हणाले, "इंजिन किती सीसीचं?"

मी सांगितलं. त्यांनी इंजिनाच्या हवेच्या तोंडाचा व्यास विचारला, मी दोऱ्याने मोजून आले होते तो सांगितला. मग ते म्हणाले की उद्या सकाळच्या एस.टी.च्या टपावर सामान चढवतो, कंडक्टर ओळखीचा आहे. तुझ्या आईला यातलं काही सांगू नको, असंही म्हणाले, आणि त्या वेळी ते हसत होते.

मंगळवार लांज्याच्या बाजाराचा दिवस, खाण बंद. आबा सकाळीच बाजाराला गेले. अकरा वाजता एस.टी. तिठ्यावर आली आणि कंडक्टरने दत्तारामच्या मदतीने टपावरून जे उतरवलं ते बघून थांब्यावरची माणसं उठून उभी राहिली. एका कॉम्प्रेसरचा पत्र्याचा मोठा गोल फिल्टर, दुधाच्या किटलीएवढा, आत नवाकोरा कागद घातलेला. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर असते तशी छत्रीवाली पारदर्शक वाटी. मनगटापेक्षा जाड पत्र्याचा पाईप, रबरी नळीचे दोन तुकडे, पाईप वळवायला एक कोपरा. मी चार क्लिपा मागितल्या होत्या. बाबांनी आठ पाठवल्या होत्या.

आम्ही कामाला लागलो. काय दिवस होता तो. दत्तारामने माळ्यावरच्या मोडक्या खाटेचा लोखंडी अँगल कापून केबिनच्या मागे पट्ट्या बसवल्या. मी साडीचा ओचा खोचून मागच्या हौद्यात उभी राहिले आणि फिल्टर त्यावर कसला. पाईप मापात कापायचा होता, करवतीने तोच कापत होता आणि मी धरत होते. आम्ही दोघं तांबड्या धुळीने आणि घामाने इतके माखलो होतो की वाटेने जाणारी शेजारीण आधी ओळखूच शकली नाही. दुपारी सासूबाईंनी भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी अंगणातच आणून दिली. आम्ही उभ्या उभ्या खाल्ली.

दोन वाजता गाडी चालू केली. आवाज असा लागला की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. खणखणीत, भरलेला, दम घेतल्यासारखा. दत्ताराम तर लगेच चढणीवर जायला निघाला. मी त्याला थांबवलं. बाबांची शिकवण होती की फिल्टर बसवला म्हणजे काम झालं नाही, गळती नाही हे कळलं म्हणजे काम झालं. सांधा कुठे ढिला राहिला तर इंजिन तिथून बिनगाळलेली हवा ओढतं आणि मग जुनी डबी परवडली. म्हणून आम्ही खाणीच्या धुळवाटेवर नुसत्या दोन फेऱ्या मारल्या, घरी आलो, फिल्टरच्या पुढचा, म्हणजे इंजिनाकडे जाणारा पाईप काढला. मी सासूबाईंकडे पांढरा कपडा मागितला. त्यांनी त्यांच्या जुन्या पातळाचा एक तुकडा फाडून दिला. मी तो बोटाला गुंडाळून पाईपच्या आत फिरवला आणि बाहेर काढला.

कपड्यावर तांबडी रेघ होती.

 मी पुन्हा पुसून बघितलं. पुन्हा रेघ. दोन फेऱ्यांत एवढी, तर दिवसभरात किती?  उद्या गिऱ्हाईक येणार आणि आज मी चांगल्या इंजिनात धूळ सोडली होती. तीन वाजले होते. आबा पाचच्या गाडीने येणार होते.

दत्तारामने एकेक क्लिप घट्ट करून बघितली. सगळ्या घट्ट होत्या. डोळ्यांनी तर कुठे फट दिसत नव्हती. मी हौद्यात बसकण मारली आणि स्वतःला म्हटलं, फट दिसत नाही तर हवा दिसेल का? आणि एकदम उठले. सासूबाईंना म्हटलं, देवापुढची अगरबत्ती द्या.

त्यांनी आधी देवाची क्षमा मागितली, मग पुडाच आणला. दत्तारामने इंजिन चालू ठेवलं. मी पेटती अगरबत्ती हातात धरून एकेका सांध्यावरून सावकाश फिरवत गेले. धुराची रेघ सरळ वर जात होती. पहिला सांधा, सरळ. दुसरा, सरळ. वाटीखालचा, सरळ. मग कोपऱ्याच्या खालच्या बाजूला, जिथे नजर पोचत नव्हती तिथे हात घातला, आणि धुराची ती रेघ एकदम वाकली आणि पाईपच्या सांध्यात नाहीशी झाली. जणू कोणी आतून ओढून घेतली.

"सापडलं," मी म्हटलं. मी ओरडलेच असणार, कारण गोठ्यातली म्हैस उठली.

पाईपचं ते टोक करवतीने जरासं तिरकं कापलं गेलं होतं. क्लिप कितीही आवळली तरी खालून बोटाच्या नखाएवढी फट राहत होती. दत्तारामने कानसीने टोक सरळ केलं. मी सायकलची जुनी ट्यूब कापून तिची पट्टी सांध्याला गुंडाळली, वर नळी चढवली आणि एकाऐवजी दोन क्लिपा मारल्या. बाबांनी आठ का पाठवल्या ते तेव्हा कळलं. पाईप आतून धुऊन, पुसून कोरडा केला. पुन्हा दोन फेऱ्या. या वेळी मी मुद्दाम जास्त धूळ उडते त्या बाजूने गाडी न्यायला सांगितली. घरी आलो, पाईप काढला, कपड्याचं कोरं टोक बोटाला गुंडाळलं. सासूबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.

कपडा पांढरा निघाला. वरच्या वाटीत मात्र चमचाभर तांबडी धूळ साठली होती.

आबा आले तेव्हा आम्ही हात धूत होतो. त्यांनी बाजाराची पिशवी खाली ठेवली आणि गाडीकडे बघितलं. केबिनच्या मागून टपाच्या वर गेलेला पाईप, त्यावर छत्री आणि वाटी. त्यांनी गाडीला एक फेरी घातली. मग त्यांची नजर माझ्या हातांवर आली. पाण्याने धूळ गेली होती, ग्रीस तसंच होतं. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. मुलाला म्हणाले, "उद्या गिऱ्हाईक येनार. ही हत्तीची सोंड काढून ठेव. लोकांत हसं नको."

वडलांपुढे दत्तारामचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला.

"गाडी सकाळी खाणीवर जाणार, आबा," तो म्हणाला. "गिऱ्हाईकाला तिथंच आणा. चढणीवर बघू दे."

 आबा म्हणाले की ठीक आहे, पण मग साठच भरायचे. एक कमी नाही. त्यांच्या आवाजात राग होता, आणि मला वाटतं थोडी उत्सुकताही होती. ड्रायव्हरच होते ते शेवटी.

बुधवारी सकाळी मी दत्तारामच्या शेजारी केबिनमध्ये बसून खाणीत उतरले. खाणीवरच्या पुरुषांनी असं कधी बघितलं नव्हतं. वर वळणावर आबा आणि देवरूखचं गिऱ्हाईक, एक सफारी घातलेले गृहस्थ, येऊन उभे राहिले होते. कामगारांनी चिरे भरायला सुरुवात केली. प्रत्येक चिरा मागे पडला की गाडी थोडी बसायची. मी मनात मोजत होते. चाळीस. पन्नास. साठ भरले तेव्हा मागचे स्प्रिंगचे पाटे सपाट झाले होते आणि शाबान त्याच्या गाडीला टेकून, चहाचा ग्लास हातात धरून आमच्याकडे बघत होता.

दत्तारामने पहिला गिअर टाकला आणि गाडी चढणीला लागली. तोंडाला, मधल्या खडकाळ भागात, त्या दिवशी थांबली होती त्या जागेवर, ती चढतच राहिली. मी खिडकीतून मागे बघत होते. धूर होता, पण भुरका, आणि लगेच विरणारा. कडेला त्या दिवशीचे वीस चिरे अजून पडलेले होते. ते मागे गेले. मला हसू आवरेना. आता वळण राहिलं होतं आणि वळणानंतर शेवटचा उभा तुकडा.

आणि वळणावर समोरून खाणीला पाणी आणणारा टँकर खाली उतरत आला.

वाट एकाच गाडीची. टँकर भरलेला, त्याला उताराला मागे जाता येईना. एका बाजूला चर होता. दत्तारामला गाडी थांबवावीच लागली, साठ चिरे घेऊन, उभ्या चढावर. टँकरवाल्याने इंचाइंचाने कडेला घेत, चरात एक चाक उतरवून आम्हाला जागा केली. त्याला पाच मिनिटं लागली असतील. तेवढ्या वेळात मी देवाचं नाव घेतलं का आठवत नाही. चढत्या गाडीला वेग साथ देतो. थांबलेली गाडी उचलायची म्हणजे निव्वळ ताकद. त्या दिवशी ह्याहून सोप्या जागी ती चाळीसला उचलली नव्हती.

दत्तारामने माझ्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"थोडी रेस चढू दे," मी म्हटलं. "मी सांगते तेव्हा सोडा."

तो एका पायाने क्लच आणि एकाने रेस धरून होता, हात हँडब्रेकवर. मी डोळे मिटले. इंजिनाचा आवाज वर चढत गेला, भरत गेला, त्यात कुठे खरखर नव्हती, घुसमट नव्हती. जेव्हा तो पुरता भरला तेव्हा मला तो आसनाखालून, पाठीतून जाणवला.

"आता."

गाडी थरथरली. एक क्षण ती जागच्या जागीच थरथरत राहिली. मग बोटभर सरकली. मग हातभर. आणि मग तिने जी पकड घेतली ती वर डांबरी रस्त्याला लागेपर्यंत सोडली नाही. खालून कोणीतरी शिटी मारली. दत्तारामने गाडी सपाटीवर थांबवली आणि स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून मोठमोठ्याने हसायला लागला. मीही हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते तांबडं होतं.

गिऱ्हाईक धावतच आलं. त्यांनी गाडीभोवती फिरून बघितलं, पाईप कोणी बसवला म्हणून विचारलं, आणि आत्ताच व्यवहार करू म्हणाले.  आबा पाईपजवळ गेले, वाटीवर बोटाने टिचकी मारली आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे वळले.

"ही किती दिवसांनी साफ करायची?"

"वाटी रोज संध्याकाळी रिकामी करायची," मी म्हटलं. "फिल्टर महिन्याने बघायचा. आणि आपटायचा नाय."

त्यांनी मान हलवली. मग गिऱ्हाईकाला सांगितलं की तुम्हाला उगीच त्रास झाला, चहा घेऊन जा, गाडी विकायची नाही. भिवंडीच्या मामांना त्यांनी त्याच दिवशी तिठ्यावरून फोन केला.

संध्याकाळी शेवटची खेप टाकून घरी येताना दत्ताराम फार खुशीत होता. मी त्याला म्हटलं की मला गॅरेजचं काम येतं हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "मला ठाऊक होतं."

मी विचारलं, कसं?

"तुला बघायला आलो होतो ना, तेव्हा तू चहा ओतत होतीस. मागे गॅरेजात कोणीतरी ट्रक चालू केला. तू ओतता ओतता थांबलीस. मान वाकडी करून ऐकलंस. चहा बशीत गेला. आणि तोंडातल्या तोंडात म्हणालीस, एक नोझल मारत नाय." त्याने गिअर बदलला. "सगळ्यांनी चहाकडे बघितलं. मी तुझ्याकडे. तेव्हाच घरी जाऊन होय म्हटलं."

"मग दोन महिने बोलला का नाहीत?"

"तुझ्या बाबांनी बजावलं होतं, तिला विचारू नका, ती विसरायला बघतेय. म्हटलं, विसरली असेल तर नको. नसेल विसरली तर आपणहून बोलेल." मग तो म्हणाला, "इंजिन दुसऱ्या कोणाला खोलायला देनं मात्र जिवावर आलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत चहा पीत होते. अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला. शाबानची पिकअप. मागे धुळीत आणखी एक उभी होती. शाबान खाली उतरला, त्याने बॉनेट उघडलं आणि अवघडल्यासारखा उभा राहिला. आबा ओट्यावर पान लावत बसले होते.

"आबा, ती सोंड माझ्या पन गाडीला लावायची होती," तो म्हणाला. "वहिनी हायत काय घरात?"

आबांनी पानाला चुना लावला, सुपारी घातली, सावकाश विडा केला.

"मेस्त्री चहा पितायत," ते म्हणाले. "बस जरा."

मी कप खाली ठेवला आणि पदर खोचला.